मोलाची साथ

"निरंक चालणार नाही असं लिहिलंय का?" सरपंचांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"लिहिलंय," मी म्हणालो. "खाली रेघसुद्धा मारलीय."

तालुक्याहून आलेलं पत्र आमच्या दोघांच्या मधे टेबलावर पडलं होतं. प्रत्येक ग्रामपंचायतीने गावासाठी उल्लेखनीय कार्य करणाऱ्या एका महिलेचा प्रस्ताव आठ दिवसांत पाठवावा, आठ मार्चला तालुक्याच्या सभागृहात सत्कार होईल, निरंक अहवाल स्वीकारला जाणार नाही. म्हणजे गावात कर्तृत्ववान बाई नसेलच, तर ती आठ दिवसांत तयार करणं आम्हाला भाग होतं.

याला आता तेवीस वर्षं झाली. मी सव्वीस वर्षांचा होतो, वाघजाईवाडीत ग्रामसेवक म्हणून रुजू होऊन तीन महिने झाले होते आणि गावातली झाडून सगळी माणसं मला भाऊसाहेब म्हणत होती. त्याचा माझ्या डोक्यावर थोडा परिणाम झालेला होता.

"आमच्या मातोश्रींचं नाव घाला," सरपंच उत्तमराव शेडगे म्हणाले.

"त्यांचं कार्य काय लिहू?"

"मला जन्म दिला की."

मी पेन उचललं. तेवढ्यात त्यांनीच हात आडवा केला. "नको, ऱ्हाऊ द्या. आईचं घातलं तर बायको बोलायची न्हाय, बायकोचं घातलं तर आई जेवायची न्हाय. आमची भावकी सोडून कुणाचं बी घाला."

गावात त्यांची भावकी सोडली तर फारसं कुणी उरत नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेरून एक पंचेचाळिशीची बाई चालली होती. पदर खोचलेला, पायात पुरुषी चपला, आणि खांद्यावर चार फुटांची लोखंडी चावी. जमिनीखालचे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायला असते ती.

"ह्या कोण? कुठे निघाल्या?"

"शालन. महिपती खराताची बायकू. पाणी सोडायला निघाली."

"पण पाणी तर महिपती खरात सोडतात. मस्टरवर त्यांचं नाव आहे. दर महिन्याला माझ्यासमोर सही करतात."

"नाव त्याचंच की," सरपंच शांतपणे म्हणाले. "सोडती ही."

अकरा वर्षांपूर्वी महिपती खरात पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून खाली पडले होते. हाड एकही मोडलं नाही. पण तेव्हापासून दोन पायऱ्या चढले की त्यांना गरगरायला लागायचं आणि हातपाय कापायचे. दुसऱ्या दिवशी चावी बायकोने उचलली, ती अजून तिच्याच खांद्यावर होती. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मस्टरला आणि मला.

मी त्याच दुपारी शालनकाकींना गाठलं. त्या देवळापाशी जमिनीतल्या खड्ड्यावर वाकून चावी फिरवत होत्या.

"काकी, तुमच्या नावाचा प्रस्ताव पाठवावा म्हणतो."

"थांबा. आटा चुकंल."

मी थांबलो. त्यांनी मनातल्या मनात मोजत सहा आटे पुरे केले, चावी काढली आणि मग माझ्याकडे पाहिलं. "कशाचा परस्ताव?"

"पुरस्काराचा. गावासाठी काम केल्याबद्दल."

"कुठलं काम?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. त्या चेष्टा करत नव्हत्या. मग मी त्यांच्याबरोबर पुढच्या व्हॉल्व्हपर्यंत गेलो, तिथून त्याच्या पुढच्या. असे एकूण सात. वरच्या आळीला साडेनऊ आटे, आणि तो सगळ्यांत आधी उघडायचा, कारण खालचे आधी उघडले तर वरच्या नळांना नुसती हवा येते. शाळेचा अर्धाच उघडायचा, नाहीतर मैदानात तळं होतं. माळवस्तीचा उलटा फिरतो, तो कुणीतरी बसवतानाच तसा बसवला होता. हे कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं. आठवड्यातून दोनदा टाकीवर चढून पाण्यात जंतुनाशक टीसीएलची पावडर टाकायची, तेही त्याच करायच्या, नऊवारीचा काष्टा घट्ट करून.

"अकरा वर्षं तुम्ही करताय. तुमचं नाव कुठंतरी यावं असं वाटत नाही?"

"वाटतं की. नुसतं वाटायला काय लागतंय?" त्यांनी चावी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "पण भाऊसाहेब, माणूस त्या शिडीवरनं पडला तवापासनं खाली बघून चालतुया. लोक अजून पाणीवाला म्हणत्यात, तेवढंच उरलंय ह्यांच्यापाशी. माझं नाव येऊ द्या, पर ह्यांचं जायाला नको."

"नाही जाणार," मी म्हणालो. "शब्द देतो."

सव्विसाव्या वर्षी माणूस शब्द फार सढळ हाताने देतो.

रात्रभर जागून वगैरे नाही, पण दोन दिवस खपून मी तीन पानं लिहिली. सात व्हॉल्व्ह, त्यांचा क्रम, आटे, टाकी, पावडर, ऊनपाऊस, सगळं. शेवटी 'खऱ्या अर्थाने गावाची तहान भागवणारी माउली' असंही एक वाक्य होतं. त्याची मला आज लाज वाटते, तेव्हा ते मी चार जणांना वाचून दाखवलं होतं.

तालुक्याला विस्तार अधिकारी गुरवसाहेबांनी तिन्ही पानं सावकाश वाचली. चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"छान लिहिलंय. सुंदरच. फक्त हे पुढे पाठवलं की गटविकास अधिकाऱ्यांना तुम्हाला निलंबित करावं लागेल."

"मला?"

"बाई अकरा वर्षं पाणी सोडते म्हणता. मस्टरवर सही कुणाची?"

"महिपती खरातांची."

"ती खरी आहे असं लिहून खाली सही कुणाची?"

"माझी."

"म्हणजे हा पुरस्काराचा प्रस्ताव नाही," गुरवसाहेब म्हणाले. "ही तक्रार आहे. तुम्ही स्वतःच्या विरुद्ध केलेली. आणि त्या खराताची नोकरी तर पहिल्या झटक्यात जाईल." हा माणूस वाईट नव्हता. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. "साप मरावा आणि काठीही मोडू नये. बाईचा सत्कारच करायचा ना? मग होईल की. घ्या लिहून."

त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. तीन पानांच्या चार ओळी झाल्या. परत येताना एसटीत मी स्वतःची समजूत घालत होतो की काकींना दिलेला शब्द मी पाळला आहे. महिपतनानांच्या नावाला धक्का लागलेला नव्हता. शब्दाचा दुसराही अर्धा भाग होता, तो मी आठवायचं टाळलं.

आठ मार्चला सभागृहात ही गर्दी. पंचायत समितीने बायकांसाठी रांगोळी आणि पाककृती स्पर्धा ठेवली होती. समानतेवर भाषणं झाली, ती सगळी पुरुषांनी केली, कारण महिला सभापतींचा घसा बसलेला होता. मग नावं पुकारायला सुरुवात झाली. आमच्या गावाचं नाव आलं तेव्हा निवेदक म्हणाले, "श्री. महिपती खरात यांनी सपत्नीक व्यासपीठावर यावं."

महिपतनाना धुतलेल्या धोतरात, खाली बघत व्यासपीठावर गेले. मागून शालनकाकी. नानांना फेटा बांधला, हार घातला. काकींना साडी, नारळ आणि चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं. उन्हापावसाची पर्वा न करता टाकीवर चढणाऱ्या या साध्या माणसाविषयी निवेदक बराच वेळ बोलले. ती सगळी माझीच वाक्यं होती. पहिल्या प्रस्तावाची तीन पानं गुरवसाहेबांनी माहितीसाठी म्हणून त्यांना दिली होती, फक्त नाव बदलून.

टाळ्या थांबेनात. निवेदकांनी माईक नानांच्या पुढे धरला. "दोन शब्द बोला, नाना."

अकरा वर्षांत त्या माणसाकडे एवढ्या लोकांनी मान वर करून पाहिलं नव्हतं. नानांनी मान वर केली. फेट्याला हात लावला.

"म्या गरीब माणूस," ते म्हणाले. "गावाला पाणी पाजलं. टाकी म्हनू नका, ऊन म्हनू नका. ही आपली माज्या पाठीशी हुती."

पुन्हा टाळ्या. शालनकाकी त्यांच्या दोन पावलं मागे प्रमाणपत्र छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही. दिसावं अशी माझी इच्छाही नव्हती.

परतीच्या एसटीत त्या माझ्या शेजारच्या बाकावर बसल्या. नाना पुढे, फेट्यासकट, कंडक्टरशी बोलत होते. काकींनी चौकट माझ्याकडे दिली.

"वाचा की जरा. चष्मा न्हाय आनला."

मी वाचलं. "पाणीपुरवठा कर्मचारी श्री. महिपती खरात यांच्या अविरत कार्यात त्यांच्या पत्नी सौ. शालन यांनी दिलेल्या मोलाच्या साथीबद्दल हे प्रमाणपत्र गौरवपूर्वक देण्यात येत आहे."

"परत एकदा."

मी पुन्हा वाचलं.

"कुणी लिव्हलं?"

"मी."

"पयल्यांदा बी असंच लिव्हलं हुतं?"

"नाही," मी म्हणालो. "पहिल्यांदा खरं लिहिलं होतं. पण ते दिलं असतं तर नानांची नोकरी गेली असती. तुम्हीच म्हणाला होता—"

"मी म्हनलं हुतं, ह्यांचं जायाला नको," त्या म्हणाल्या. "माझं त्यांना द्या असं नव्हतं म्हनलं."

मग चौकट परत घेतली आणि "बरं" एवढंच म्हणाल्या. त्या 'बरं'चा अर्थ मला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला कळला.

वरच्या आळीत पाणी आलं नव्हतं. मी पंचायतीसमोर पोचलो तेव्हा दहा-बारा बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. पहिल्या व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी महिपतनाना बसले होते आणि त्यांच्या मागे बरोबर दोन पावलांवर शालनकाकी उभ्या होत्या. अंगावर सत्काराची साडी. दोन्ही हातांत आडवी चावी, ओवाळायला तबक धरावं तशी.

"घ्या," त्या नानांना म्हणाल्या.

"शालन, आगं काय चाललंय ह्ये?"

"साथ देतीया."

"किती आटं फिरवायचं?"

"मला काय ठावं? मी आपली पाठीशी."

नानांनी चावी लावली आणि अंदाजाने फिरवली. अर्ध्या तासात शाळेच्या मैदानात तळं झालं आणि गुरुजींनी प्रार्थना रस्त्यावर घेतली. वरच्या आळीतल्या नळांतून नुसता फुसफुस आवाज येत राहिला. माळवस्तीचा व्हॉल्व्ह नानांनी उघडायचा म्हणून घट्ट बंद केला.

सरपंच वरच्या आळीतच राहत. ते खांद्यावर टॉवेल टाकून आले. "शालन, हा काय पोरखेळ लावलाय? धर ती चावी!"

"धरलीया की, दादा. हातातच हाय."

"सोड म्हणतोय मी पाणी!"

"मी कशी सोडू? पाणी सोडनारं वायलं. सरकारनं लिवून दिलंय, काचंत घालून. तुमीच टाळ्या वाजवल्या की काल."

सरपंच माझ्याकडे वळले. मी चपलेचा अंगठा नीट करत होतो.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. काकी वेळेवर यायच्या, चावी आणायच्या, नानांना लागेल ते हातात द्यायच्या, मधे चहा आणून द्यायच्या. प्रमाणपत्रात लिहिलं होतं त्यात कणभर कमी नाही की जास्त नाही. सरपंचांनी आपल्या पुतण्याला व्हॉल्व्हवर बसवून पाहिलं, त्याने देवळाच्या आवारात पाणी घुसवलं. सरपंचांना ज्यांच्याशी सात वर्षं बोलणं नव्हतं त्या चुलत्याच्या विहिरीवर आंघोळीला जावं लागलं. गावात लोक आता कुजबुजत नव्हते, उघड बोलत होते. अकरा वर्षं जे सगळ्यांना माहीत होतं, ते पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने म्हणत होतं, आणि प्रत्येक वेळी नानांची मान आणखी खाली जात होती. मला त्यांची दया येत होती आणि रागही येत होता. स्वतःचा राग त्याहून जास्त येत होता, पण तो दाखवायला जागा नव्हती.

तिसऱ्या दिवशी पावडर टाकायची पाळी आली. आरोग्य केंद्रातून निरोप आला होता की पाण्याचा नमुना खराब निघाला, आज पावडर पडलीच पाहिजे. टाकीखाली अर्धं गाव जमलं. काकींनी पावडरीची बादली आणून नानांपुढे ठेवली आणि शिडी दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या.

नानांनी वर पाहिलं. सरपंचांचा पुतण्या चढायला पुढे झाला, तर नाना म्हणाले, "थांब." बादली उचलली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग दुसऱ्या. तिसऱ्या पायरीवर ते अडकले. बादलीची कडी खडखडत होती, आणि तेवढाच आवाज होता. कुणी हसलं नाही. काकी वर बघत नव्हत्या. शिडी धरलेल्या त्यांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"उतरा," त्या हलकेच म्हणाल्या. पहिल्या सकाळनंतर त्यांनी नानांशी कामाव्यतिरिक्त बोललेला हा एकच शब्द.

नाना उतरले आणि चौथऱ्यावर बसून राहिले. बादली पुतण्याने वर नेली. माणसं एकेक करून पांगली.

चौथ्या दिवशी सकाळी सरपंचांनी शाळेच्या ओसरीत खास ग्रामसभा बोलावली. मी कार्यवृत्ताचं रजिस्टर उघडून बसलो. विषय होता, 'पाणीपुरवठ्यातील तांत्रिक अडचणीबाबत विचारविनिमय करणे.' बायका खांबांच्या पलीकडे बसल्या होत्या, त्यांत शालनकाकी.

"तर मंडळी," सरपंच म्हणाले, "काही तांत्रिक अडचणीमुळं—"

"अडचन तांत्रिक न्हाय."

महिपतनाना उभे राहिले होते. फेटा नव्हता, टोपीही नव्हती. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

"आकरा वरसं झाली," ते म्हणाले. "म्या टाकीवर चढल्यालो न्हाय. परवापत्तुर चावीला हात लावल्याला न्हाय. पाणी हिनं सोडलं. ऊन तिनंच काढलं, पाऊस बी तिनंच काढला. म्या महिन्याच्या म्हैन्याला सही करायला येत हुतो, तेवढंच माजं काम. आन् परवा त्या माईकवर..." त्यांनी उघड्या डोक्यावरून हात फिरवला. "फेटा बांधला, टाळ्या वाजाय लागल्या, आन् तोंडातनं खोटं निगालं. काल शिडी हिनंच धरली हुती."

ते खाली बसले.

"हे लिहू का?" मी विचारलं.

"त्यात काय लिवायचंय?" सरपंच घाईघाईने म्हणाले. "घरगुती बाब हाय. समजूत झाली, विषय संपला."

माझं पेन कागदावर टेकलेलं होतं. हे लिहिलं की नानांची नोकरी जाणार, आणि माझ्या तीन महिन्यांच्या सह्या खोट्या ठरणार, हे गुरवसाहेबांनी मला चहा पाजून समजावलेलं होतं.

"लिवा, भाऊसाहेब," नाना खालूनच म्हणाले. "सही मी करतो."

मी लिहिलं. त्यांनी जे सांगितलं ते सगळं, त्यांच्याच शब्दांत, एकही विशेषण न लावता. खाली नानांनी सही केली. त्याखाली मीही केली. मग पुढचा ठराव लिहिला, की या पदावर सौ. शालन महिपती खरात यांची नेमणूक करावी. सरपंच सूचक व्हायला तयार नव्हते. वरच्या आळीतल्या एका म्हातारीने, जिच्या घरात चार दिवस पाणी नव्हतं, सूचक म्हणून अंगठा दिला, आणि मग अनुमोदनाला हात मोजायची गरज उरली नाही.

नानांची नोकरी आठवड्याभरात गेली. काकींची ऑर्डर यायला सात महिने लागले, तोवर त्या बिनपगारी पाणी सोडत राहिल्या. मला कारणे दाखवा नोटीस आली. मी कारणं दाखवली, ती कुणाला पटली नाहीत, आणि माझी वेतनवाढ तीन वर्षं रोखली गेली. माझ्या सेवापुस्तकात ती लाल शाईची नोंद अजून आहे. बढतीच्या वेळी प्रत्येक साहेब ती वाचतो आणि भुवया उंचावतो. त्या नोंदीसाठी कुणी माझा सत्कार केला नाही, पण ती खोडून मिळावी म्हणून मीही कधी अर्ज केला नाही.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. सभा संपली तेव्हा बायका काकींभोवती जमल्या होत्या. दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला होता. काकींनी नाही. त्या उठल्या, भिंतीशी टेकवलेली चावी त्यांनी खांद्यावर घेतली आणि वरच्या आळीकडे चालायला लागल्या. नाना थोडं अंतर ठेवून मागून गेले. अभिनंदनाचं काहीतरी बोलावं म्हणून मीही निघालो, म्हणून मला ते ऐकू आलं.

चढावर काकी थांबल्या आणि मागे वळल्या.

"एवढ्या गावापुढं बोलायची काय गरज हुती?"

नाना भांबावले. "मंग कुठं बोलायला पायजे हुतं?"

"घरात," काकी म्हणाल्या. "आकरा वरसांत एकदा घरात म्हनला असता, तरी भागलं असतं माझं."